हल्याच्या भागातली अकरावी चूक

कार्टूनच्या त्या भागात अकरा चुका होत्या, असं बाबांचं म्हणणं. माझ्या मते नऊच. गाणं लांबलं ही मी चूक धरत नाही, ती त्या काळातल्या सगळ्याच कार्टूनना जडलेली खोड होती. आणि हल्याच्या शेपटीचा रंग मध्येच बदलतो असं बाबांना दिसलं, ते आमच्या टीव्हीच्या कृपेने. बाकी नऊ मात्र खऱ्या. परवा कुणीतरी इंटरनेटवर टाकलेला तो भाग मला अचानक सापडला. चित्र धूसर, आवाज ओठांच्या मागून येणारा. भाजी गॅसवर ठेवून मी बावीस मिनिटं तो पाहिला. नऊच्या नऊ चुका जागच्या जागी होत्या. भाजी करपली, पण भाग तेवढाच आवडला.

हल्या कोण ते आधी सांगते. मूळ मालिका एका खारीची होती. ही खार गुप्तहेर. डोळ्यांवर चष्मा, हातात भुईमुगाची शेंग, आणि जंगलातली कुठलीही चोरी ती एका भागात शोधून काढायची. तिच्या शेजारी एक रेडा राहायचा. आमच्याकडे रेड्याला हल्या म्हणतात, म्हणून घरात त्याचं नाव हल्याच पडलं. तो दर भागात जेमतेम अर्धं मिनिट यायचा, खारीला हटकून चुकीचा पत्ता सांगायचा आणि जांभई देत निघून जायचा. पोरांना खारीपेक्षा तोच आवडायला लागला. चॅनेलवाल्यांनाही ते कळलं असावं, कारण एका उन्हाळ्यात त्यांनी हल्याला त्याची स्वतंत्र मालिका काढून दिली. तिच्यात हल्या हीरो आणि खार पाहुणी. एकातून दुसरं फुटून निघणं आम्हाला नवीन नव्हतं. आमचा भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याला काही वर्षं झाली होती, आणि कोणता तालुका कुणाकडे गेला हे आई तरीही चुकायची.

अशा फुटून निघालेल्या मालिकांचं एक दुखणं असतं. ज्याला अर्धं मिनिट पाहून लोक हसतात त्याला बावीस मिनिटं सोसतील का, अशी बनवणाऱ्यांनाच धास्ती असते. मग ते शेवटच्या दोन मिनिटांत खारीला बोलावतात आणि सगळा गुंता तिच्याकडून सोडवून घेतात. हल्या बिचारा स्वतःच्याच मालिकेत बाजूला उभा राहतो. माझा याच्यावर तेव्हाही राग होता आणि आजही आहे. एकदा हीरो केलंय ना, मग करू द्या त्याला त्याचं काम!

अकरावीत असून मी कार्टून पाहायचे, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती, कारण माझा दादा त्या मालिकेत चित्रं काढत होता.

आम्ही जवाहरनगरला क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणीच्या कामावर होते. काय तपासायचे ते त्यांनी घरात कधीही सांगितलं नाही, तसा नियमच होता. कसं तपासायचे ते मात्र आम्हाला रोज बघायला मिळायचं. त्यांच्याकडे तीनच शिक्के होते. पास, नापास आणि रिवर्क. रिवर्क म्हणजे माल टाकून द्यायचा नाही, काय चुकलं त्याची यादी लावायची आणि ज्याने केला त्याच्याकडेच परत पाठवायचा. घरी शिक्के नव्हते, पण तोंड होतं. आईचं वरण रिवर्क. माझं अक्षर रिवर्क. शेजारच्या काकूंनी दिलेलं लोणचं नापास, आणि तेही काकू दारात उभ्या असताना. पास म्हणून मी त्यांच्या तोंडून फक्त एका कुकरबद्दल ऐकलं होतं. आई म्हणायची, "लग्नाच्या वक्ताले यायनं मले पास केलं का नाही, ते अजून नाही सांगतलं."

दादाने त्याच कारखान्यात अप्रेंटिसशिप केली होती. हात चांगला होता, वरचे खूश होते. पण ती संपल्यावर त्याने घरात बॉम्ब टाकला की मला पुण्याला जाऊन चित्रं हलवायला शिकायचंय. बाबांनी तीन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी म्हणाले, "दोन वर्सं देतो. त्यानंतर फॉर्म निघन तवा पाहू."

दोन वर्षं झाली आणि फॉर्म निघाला. कायम नोकरीचा. बाबांनी तो स्वतः आणला आणि स्वतःच्या ठसठशीत अक्षरात पूर्ण भरला. नाव, पत्ता, शिक्षण, जात प्रमाणपत्राचा नंबर, सगळं. फक्त सहीची चौकट कोरी ठेवली. द्यायची शेवटची मुदत होती सोमवारी संध्याकाळी पाचची. आणि दादाने काम केलेला पहिला भाग लागणार होता त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी दहाला. त्या भागातला एक दीड मिनिटाचा तुकडा त्याला पूर्णपणे एकट्याने करायला दिला होता. दादा शुक्रवारी घरी आला. बाबांनी त्याला फॉर्म दाखवला आणि म्हणाले, "तुझं काम आधी पाहतो. पास झालं तं फॉर्म फाडू. नापास झालं तं सही कर आन घरी राय." दादाने मान डोलावली. त्याला सही करायची नव्हती हे घरातल्या भिंतींनाही माहीत होतं. आणि बाबा उगाच पास म्हणणार नाहीत, हेही.

शनिवारी संध्याकाळी आसगावहून आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिच्या शेतात सोमवारी रोवणा लागणार होता. रोवणा म्हणजे धानाची लावणी, आणि त्या दिवसांत आमच्या भागातली कुठलीही बाई शेत सोडून हलत नाही. पण भाच्याचं काम टीव्हीवर येणार म्हणून ती एका रात्रीसाठी आली. येताना लाखोळीच्या डाळीची पिशवी घेऊन आली आणि आल्याआल्या विचारलं, "पोट्टा तोंड दाखवन का टीव्हीवर?" तोंड नाही, नुसतं नाव येईल, असं दादाने सांगितलं. आत्या जरा हिरमुसली.

रविवारी पावणेदहालाच सगळे बसले. बाबा पलंगावर, मांडीवर डायरी, खिशाला दोन पेनं. आत्या आणि आई खाली चटईवर. शेजारच्या काकू दारापाशी, लोणच्याचं विसरून. दादा उभाच राहिला, कपाटाला टेकून.

भाग सुरू झाला. कथा थोडक्यात अशी. हल्या मामाच्या गावाला जातो. हा खारीचा शेजारी म्हणजे मोठा गुप्तहेरच असणार, असं समजून गावकरी त्याच्या गळ्यात चोरीचा तपास घालतात. गावातले परे चोरीला गेलेले असतात. परे म्हणजे धानाची रोपं. हल्याला तपासातलं ओ की ठो कळत नाही. तो ज्याला त्याला उलटे प्रश्न विचारतो, एका बेडकाची उलटतपासणी घेता घेता स्वतःच गुन्हा कबूल करतो, आणि शेवटी चोर सापडतो तो एक बगळा. आता हा बगळा त्याआधी वीस मिनिटांत एकदाही दिसलेला नाही! ही पहिली चूक, आणि मोठी. चोर आधी दाखवायला नको? बगळ्याला परे हवेत कशाला, ही दुसरी. तो काय धान पिकवणार होता? तिसरी, मामा एका प्रसंगात काळा आणि पुढच्यात राखाडी. चौथी अर्थातच खार. ती शेवटी कुठून तरी टपकते आणि हल्याने केलेला सगळा घोळ दोन वाक्यांत निस्तरते. बाबा प्रत्येक चुकीला डायरीत लिहीत होते. पेनाचा आवाज ऐकू यायचा तेवढा दादा कपाटाला जास्त चिकटायचा.

पण हल्या गोड होता, हे बाबांनाही नाकारता आलं नसतं. बेडकापुढे त्याने गुन्हा कबूल केला तेव्हा आत्या इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "हा तं आमचाच हल्या होय," ती म्हणाली, "असाच बह्याड होता थो." बह्याड म्हणजे वेडपट.

मग दादाचं दीड मिनिट आलं. आम्हाला सांगायची गरज पडली नाही, चित्राची जातच बदलली. पाण्याने भरलेली बांधी. बांधी म्हणजे धानाच्या शेताचा एक वाफा. हल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, उतरत येतो. तपास विसरलेला. पुढचा एक पाय चिखलात घालतो आणि थांबतो. विचार करतो. दुसरा घालतो. मग सगळं अंग हळूहळू खाली सोडतो, डोळे मिटतो, आणि नाकापाशी दोन बुडबुडे येतात. कानावर माशी बसते, कान हलतो. बस. एवढंच. दीड मिनिटात काहीही घडत नाही, आणि पूर्ण मालिकेत त्याच्याइतकं खरं दुसरं काही नाही. हल्याच्या मागे बायांची रांग. लुगडी खोचलेल्या, वाकलेल्या, आपसात हसत परे लावणाऱ्या. त्या पुढे सरकत जातात आणि हिरवी रेघ वाढत जाते. मला इतकं आवडलं की टाळी वाजवायला मी हात वर केले.

"अगे माय!" आत्या ओरडली. "ह्या बाया समोर काहून चालून राहिल्या?"

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. काकूंनाही हसू आवरेना. "लावलं आन तुडवलं," आत्या म्हणाली. "बगळा कायले पाह्यजे चोराले? ह्याच बाया साऱ्या धानाचा सत्यानाश करतीन!"

मी हात खाली घेतले. लोक कशाला हसताहेत ते मला कळलंच नाही. मी दादाकडे पाहिलं. त्यालाही कळलं नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि बाकीचं घर हसत होतं.

शेवटी नावं आली. ती धावतच गेली, आणि दादाचं नाव आलं नेमकं तेव्हा खालून केबलवाल्याची साड्यांच्या सेलची पट्टी सरकत आली. नावाचं वरचं अर्धं अंग तेवढं दिसलं. आत्याने तरी हात जोडले.

बाबांनी टीव्ही बंद केला आणि यादी वाचली. एक ते दहा त्यांनी सरळ आवाजात वाचल्या, कारखान्यात वाचत असतील तशा. अकरावीला थांबले. "रोवणा करणाऱ्या बाया समोर चालून राहिल्या." डायरीवरून मान वर केली. "तू कुठं पाह्यलं असं?"

दादा म्हणाला, "बसच्या खिडकीतून."

आम्ही दोघांनीही रोवणा पाहिला होता तो तसाच. कॉलेजसाठी भंडाऱ्याला जाता-येता, बसच्या खिडकीतून. बस पळत असते, शेतं उलटी धावत असतात, वाकलेली बाई दिसते न दिसते तोवर मागे जाते. ती कुठल्या बाजूला सरकतेय हे कुणाला दिसणार? धानाच्या मुलखात जन्मलो, तीन वेळा भात खाऊन वाढलो, आणि रोवणारी बाई मागे मागे जाते एवढी साधी गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. असली चूक फक्त क्वार्टरमधलं पोरच करू शकतं. पुण्याच्या माणसाने निदान कुणाला विचारलं असतं. दादाला वाटलं, आपल्याला तर माहीतच आहे.

"त्याले कायले बोलतं, भाऊ?" आत्या म्हणाली. आता ती हसत नव्हती. "तूच तं कधी येऊ नाही देल्लं पोरायले."

ते खरं होतं. आसगावला आम्ही जायचो ते दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, आणि उन्हाळ्यात. रोवण्याच्या दिवसांत बाबांनी आम्हाला एकदाही गावात पाऊल टाकू दिलं नाही. बाबांचं सगळं लहानपण दुसऱ्यांच्या बांधीत, आईच्या बाजूला वाकून गेलं होतं. तिथून ते शाळेत गेले, मग कारखान्यात, आणि मनाशी ठरवलं की माझी पोरं चिखलात पाय घालणार नाहीत. हे ते अनेकदा बोलून दाखवायचे, अभिमानाने. त्या रविवारी मात्र डायरीत यादीखाली शेऱ्याची जागा होती, ती कोरी ठेवून त्यांनी पेनाला टोपण लावलं.

दुपारी आईने कोंबडीचा रस्सा केला होता. दादाने दोन घास खाल्ले. मी त्याला समजावायला गेले, बगळ्याची चूक काही तुझी नाही, खारीची पण नाही. तो म्हणाला, "जेवढं माझं होतं, तेवढंच चुकलं ना." मला भयंकर राग आला, बाबांचा, आत्याचा आणि स्वतःचाही, कारण टाळी वाजवायला मीच निघाले होते.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "उद्या मी सुट्टी टाकली आहे. सकाळी आत्याले आसगावले सोडून देऊ. दोनच्या बसनं परत येऊ आन पाचच्या आत फॉर्म देऊ." दादाकडे न बघता त्यांनी फॉर्मचं प्लॅस्टिकचं पाकीट त्याच्या हातात दिलं. "तुझ्याजवळ ठेव. दुमडू नको."

म्हणजे नापास. आई त्या रात्री माझ्याशीही नीट बोलली नाही. तिला पोरगा घरी हवा होता, नोकरी हवी होती, आणि तरी तिचा चेहरा उतरला होता.

सोमवारी मी कॉलेज बुडवलं आणि चिकटून गेले. भंडारा, मग अड्याळ, मग आसगाव. बसमध्ये बाबा आत्याशी धानाच्या भावावर बोलत होते आणि दादा पाकीट मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होता. बांध्यांमधून बाया वाकलेल्या होत्या. या वेळी मीही डोळे फाडून पाहिलं. तरी बसमधून कळेना.

आत्याच्या शेतावर पाच बाया आधीच आल्या होत्या. आत्याने लुगडं खोचलं आणि उतरली. बाबा धुऱ्यावर उभे राहिले. मग त्यांनी बूट काढले. मोजे काढून, नीट गुंडाळून त्या बुटांत ठेवले. ड्युटीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, दोन्हीकडे सारख्या घड्या. आणि चिखलात उतरले.

"बाप्पा! बाप्या माणूस रोवणा करते!" एक बाई म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. आमच्याकडे लावणी बायांचीच, गडी परे उपटून आणून देतात. बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आत्याने त्यांच्या हातात परे दिले. ते वाकले. पहिले दोन-तीन तिरपे गेले, मग हाताला आठवलं. अंगठ्याने दाबायचे, पाय मागे घ्यायचा, पुन्हा दाबायचे. ते मागे सरकत गेले आणि त्यांच्या पुढ्यात हिरवी ओळ उभी राहत गेली.

"मागं काहून जायचं," ते वाकूनच दादाला म्हणाले, "तं लावल्यावर आपलाच पाय नाही पडला पाह्यजे. आन उचलून टाकत नाही पाय, ओढते. पाह्य."

दादा धुऱ्यावर उकिडवा बसला. वही आणली नव्हती, कशाला आणेल? खिसे चाचपले, पेन सापडलं. मग त्याने पाकिटातून फॉर्म काढला, उलटा केला, गुडघ्यावर ठेवला आणि मागच्या कोऱ्या पानावर पाय काढायला लागला. बाबांचे पाय. पोटऱ्या, चिखल, वळलेली टाच, मागच्या मागे जाणारे खळगे. मी वाकून बघितलं. एका कोपऱ्यावर चिखलाचा शिंतोडा उडाला होता, आणि बाबांचं ठसठशीत अक्षर पलीकडून अंधुक दिसत होतं.

रस्ता शेतापासून दूर नव्हता. दोनची बस हॉर्न देत गेली. आम्हा तिघांनाही ऐकू आली.

बाबा कमरेवर हात ठेवून सरळ झाले. त्यांनी बसकडे पाहिलं, मग दादाकडे, मग त्याच्या गुडघ्यावरच्या कागदाकडे. कागद कोणता आहे ते त्यांनी ओळखलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची मला भीती वाटत होती, पण मी बघितलं. त्यांनी चिखलाच्या हाताने आत्याकडे आणखी परे मागितले.

"रिवर्क आहे," ते म्हणाले. "अजून एक ओळ लावतो. पाय नीट पाहून घे."